अर्ध्या उजेडावर

माझी बायको तारा गेल्यानंतर मी कामावर परत आलो, तेव्हा सिद्धेशने मला स्टोअरमध्ये बसायला सांगितलं. सिद्धेश आमच्या वर्कशॉपचा मालक. वाईट माणूस नव्हे. सगुणबाब, थोडे दिवस नटबोल्ट द्या-घ्या, डोकं शांत होऊ दे, असं म्हणाला. त्याला तसं म्हणायला कारण होतं. आल्या आल्या मी एका पॅनेलमधली वायर न जोडताच झाकण लावलं होतं. दुसऱ्या खेपेला चालू मशीन बंद समजून उघडलं.

मी स्टोअरमध्ये बसलो. तिथे एक कदेल, म्हणजे खुर्ची, आहे आणि एक जनेल, म्हणजे खिडकी. कदेलावर बसून जनेलातून बघायचं. घरीही मी तेच करत होतो. इब्रामपूरच्या घरात सकाळी पोदेर अजून पूर्वीइतकेच पाव पिशवीत टाकून जातो, मी त्याला काही सांगितलेलं नाही. उरलेले पाव कोंबड्यांना घालतो, आंघोळ करतो, स्कूटर काढतो आणि दोडामार्गावरून डिचोलीला येतो. येऊन जर परत बसायचंच असेल, तर येऊन उपयोग काय?

तेव्हाच ते टेबल आलं.

टेबल म्हणजे जाड पोलादी प्लेट, मऊ स्प्रिंगांवर तोललेली. एका विज्ञानसंस्थेचं होतं. त्याचं काम एकच, न हलणं. रस्त्यावरून ट्रक गेला किंवा शेजारच्या शेडमध्ये प्रेस आपटला, तरी वर ठेवलेल्या आरशाला ते कळता कामा नये. प्लेटच्या खाली आणि बाजूंना सेन्सर असतात. टेबल आपल्या जागेवरून किती सरकलं ते सेन्सर सांगतात, आणि ते ऐकून विजेची कॉइल टेबलाला हळूच परत जागेवर ढकलते. हे सेन्सर जुने झाले होते, त्यांचे दिवे मंदावले होते. ते काढून नवे बसवायचे आणि प्रत्येक सेन्सर बरोबर मध्यावर आणून ठेवायचा, असं काम होतं.

सिद्धेश त्यासाठी बेंगळुरूहून माणसं बोलावणार होता. मी त्याच्याकडे गेलो आणि म्हटलं, हे मी करतो. त्याने मला खालून वर बघून घेतलं. मग म्हणाला, संस्थेची माणसं सोमवारी तपासायला येणार आहेत. त्यांनी पास केलं तर यापुढची सगळी टेबलं तुमच्याकडे. नाही केलं तर बेंगळुरूवाले येतील, आणि तुम्ही परत स्टोअरमध्ये.

मी हो म्हटलं. त्याच संध्याकाळी माझी मुलगी गौरवी हिचा पणजीहून फोन आला. ती सुतक फिटल्यापासून मागे लागली होती, घर बंद करा आणि आमच्याकडे राहायला या. दर फोनला तेच. मी तिला सांगितलं, हे एक काम माझ्या हातात आहे. हातातून गेलं, तर मी मुकाट्याने येतो. ती म्हणाली, शब्द द्या. मी दिला.

काम सुरू करायच्या दिवशी बाबलीने देवाला गाऱ्हाणं घातलं. बाबली आमच्याकडचा लेथवाला, माझ्या वयाचा, पेडण्याचा. आमच्याकडे कुठलंही नवं काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एरवी गाऱ्हाणं मीच घालतो. पण ताराचं वर्स पुरं व्हायचं होतं, तोवर शुभ कामाला माझा हात लागायचा नव्हता. मी दारात उभा राहिलो. बाबलीने स्टीलच्या ताटलीत विडा, अक्षता आणि सोललेला नारळ ठेवला, शेंडी सरळ केली आणि ताटली टेबलाच्या एका कोपऱ्यावर ठेवली.

"बा देवा म्हाराजा, सगुण आणि समीक्षाबाय आज ह्या जाग्यार नवे सेन्सर बसवतत. त्येंच्या हाताक यश दी. कोणाची वाकडी नजर आसली तर ती भायर काड रे म्हाराजा."

सगळे म्हणाले, होय म्हाराजा. मी ओठांतल्या ओठांत म्हटलं.

समीक्षा ही आमची इंजिनियर. डिचोलीचीच मुलगी, शिकून परत आलेली, कामात चोख. तिने विचारलं, नारळ इथेच ठेवायचा का? बाबली म्हणाला, थंयच रवांदे, काम पुरा झाला की मी फोडतंय. ती स्क्रीन लावायला वळली. प्लेटवर आधीच लोखंडी ठोकळे ठेवले होते. संस्थेची उपकरणं अजून यायची होती म्हणून त्यांच्या वजनाचे, त्यांच्या जागांवर. त्या ठोकळ्यांमध्ये एक ताटली. डोळ्यांना तीही सामानापैकीच वाटली.

सेन्सर कसा असतो ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एका बाजूला बारीक दिवा, समोर उजेड मोजणारा डोळा, आणि मधल्या फटीत टेबलाला जोडलेलं एक पातळ पातं. टेबल हललं की पातं हलतं आणि डोळ्यावरची सावली कमी-जास्त होते. पातं पूर्ण बाहेर असलं तर सगळा उजेड, तेव्हा सेन्सर आंधळा. पातं पूर्ण आत असलं तर सगळा काळोख, तेव्हाही आंधळा. अर्धा उजेड आणि अर्धी सावली असेल तेव्हाच त्याला बारीकशी हालचाल दिसते. म्हणून तो मध्यावर आणायचा. आधी पातं काढून पूर्ण उजेड किती ते बघायचं. त्याला शंभर धरायचं. मग पातं घालून सेन्सरचा स्क्रू फिरवत फिरवत पन्नासवर यायचं.

सांगायला सोपं आहे. पण स्क्रूला हात लावला की टेबल डोलायला लागतं आणि आकडा वर-खाली पळतो. हात काढून थांबायचं. टेबल शांत झालं की आकडा बघायचा, परत केसभर फिरवायचं, परत थांबायचं. पंखा चालणार नाही, दार उघडलेलं चालणार नाही, जवळ तोंड नेऊन श्वास सोडलेला चालणार नाही. शेवटी नट आवळला की सेन्सर किंचित सरकतो. म्हणून नेमका मध्यावर आणून आवळायचा नाही, जरा अलीकडे ठेवायचा, म्हणजे आवळताना तो आपणहून मध्यावर येतो. अलीकडे म्हणजे किती, ते प्रत्येक सेन्सरचं वेगळं. नव्या सेन्सरांची फट जुन्यांपेक्षा अरुंद होती. त्यांना जास्त बारीक दिसायचं, पण थोडं सरकलं तरी ते आंधळे व्हायचे.

मला हे काम मानवलं. पाटावर बसायचो, समीक्षा स्क्रीनवरचा आकडा वाचायची, मी फिरवायचो. टेबल शांत होईस्तोवर दोघेही गप्प. घरी गप्प बसलो की डोक्यात हॉस्पिटलच्या जिन्यावरचे आवाज येतात. इथे गप्प बसलो की फक्त आकडा यायचा.

शनिवारी दुपारी शेवटचा सेन्सर आवळला. सगळे पन्नासच्या आसपास, अगदी लगत. समीक्षाने स्क्रीनचा फोटो काढून सिद्धेशला पाठवला. नटांवर पक्के बसावेत म्हणून लाल रंगाचा थेंब लावला. मी जाऊन बाबलीला सांगितलं, झालं. तो हात पुसत आला, टेबलाच्या पाया पडला, ताटली उचलली आणि पायरीवर नेऊन नारळ फोडला. पाणी शिंपडलं, खोबऱ्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटले.

मी तुकडा तोंडात घालून आत आलो. समीक्षा स्क्रीनसमोर उभी होती. तिच्याही गालात खोबरं होतं, पण ती चावत नव्हती.

एक सेन्सर पूर्ण आंधळा झाला होता. शंभर दाखवत होता. इतरही पन्नास सोडून इकडेतिकडे पसरले होते.

मला पहिल्यांदा वाटलं, मीच कुठेतरी नट सैल सोडला. परत ती पॅनेलचीच गत. मी खाली बसून एकेक नट बघायला लागलो. सगळे घट्ट. मी परत पाना उचलला. समीक्षा म्हणाली, काका, थांबा, कशाला हात लावू नका. ती टेबलाभोवती फिरली. आंधळा झालेला सेन्सर ज्या कोपऱ्याखाली होता तिथे थांबली. प्लेटवर एक अक्षता चिकटलेली होती.

"हा कोपरा वर आलाय, काका," ती म्हणाली. "इथलं वजन गेलंय."

मग तिने गालातलं खोबरं चावलं आणि गिळलं.

टेबल इतकं मऊ तोललेलं होतं की एका नारळाने आणि ताटलीने कोपरा खाली गेला होता. केसभरच, पण सेन्सरच्या फटीला तेवढं पुरे. आम्ही सगळे सेन्सर नारळासकट मध्यावर आणले होते. मी वर्स व्हायचं म्हणून त्याला हात लावला नाही. बाकीच्यांनी देवाचा म्हणून लावला नाही. समीक्षाला नंतर विचारलं, तर म्हणाली, मी हलवला असता तर माझ्या आईने मला घरात घेतलं नसतं.

बाबलीला सांगितलं तेव्हा त्याचं तोंड उतरेल असं वाटलं होतं. पण तो उलट माझ्यावरच घसरला. मी पूर्वी डिचोलीच्या खाणीवर वजनकाट्याची दुरुस्ती करायचो, खाणी बंद पडल्यावर इकडे आलो.

"जलमभर टरक तोललंस," तो म्हणाला, "आणि नाकासमोरचो नारळ तुका तोलूक जमलो नाय?"

लेथवरची पोरं हसली. मीही हसलो असेन. तारा गेल्यावर पहिल्यांदाच, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं.

सिद्धेश आला. त्याने ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. मग प्रत्येकाने आपापलं सांगितलं. बाबली म्हणाला, दुसरो नारळ ठेया, तपासणी झाली की काडूया. सिद्धेशने त्याला बाहेर काढलं. समीक्षाने सुचवलं की तेवढ्याच वजनाचा लोखंडी तुकडा त्या जागी बसवता येईल. पण तिनेच ड्रॉइंग उघडून बघितलं आणि मान हलवली. तिथे संस्थेच्या उपकरणाचं झाकण येणार होतं, दुसरं काही ठेवायला जागा नव्हती. शेवटी सिद्धेश म्हणाला, मी सोमवारची तारीख पुढे ढकलायला सांगतो आणि बेंगळुरूला फोन करतो. त्याने खिशातून मोबाईल काढलासुद्धा.

"सोमवार अजून आला नाही," मी म्हटलं.

"सगुणबाब, सगळं उघडावं लागेल."

"उघडतो."

"उद्या रविवार आहे."

"बरं आहे. शेजारचा प्रेस बंद असतो."

त्याने समीक्षाकडे बघितलं. ती म्हणाली, मी येते, दुपारी मावशीकडे जेवण होतं, सांगते त्यांना. सिद्धेशने मोबाईल खिशात ठेवला. पण जाताना म्हणाला, उद्या संध्याकाळी मला आकडे पाठवा. नीट नसले तर मी फोन करणार. मी म्हटलं, कर.

रविवारी सकाळी बाबली न सांगता आला. शेडची चावी त्याच्याकडेच असते, पण चावी द्यायला म्हणून आलेला माणूस आंघोळ करून, कपाळाला गंध लावून येत नाही. टेबलासमोर उभा राहिला आणि हात जोडले.

"ह्या खेपेक नुसता तोंडान सांगतंय," तो म्हणाला. "तोंडाक वजन नाय."

"तुमच्या तोंडाला आहे, बाबलीकाका," समीक्षा म्हणाली. "जरा लांबून सांगा."

त्याने लांबून सांगितलं. ह्या खेपेला मी मोठ्याने होय म्हाराजा म्हटलं. वर्स पुरं झालेलं नव्हतं. बाबलीने माझ्याकडे बघितलं आणि पंख्याचा मेन स्विच काढायला गेला.

आम्ही प्लेट मोकळी केली. एकेक ठोकळा समीक्षाने ड्रॉइंगशी ताडून बघितला. मी प्लेटवरून कोरडं फडकं फिरवलं, अक्षता वेचल्या. मग लाल रंग खरवडला, नट सोडले आणि पहिल्यापासून सुरू केलं. पातं बाहेर, पूर्ण उजेड. पातं आत. फिरव, थांब, फिरव, थांब. आदल्या खेपेला कुठला सेन्सर आवळताना किती सरकतो ते हाताला कळलेलं होतं, म्हणून काम लवकर होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. तो कोपऱ्यातला सेन्सर काही ऐकेना. अलीकडे ठेवावा, आवळावा, आणि तो मध्य ओलांडून पलीकडे जावा. परत सोडावा, परत तेच.

त्यातच बाहेर गाडी थांबली. गौरवी आली होती. तिने रविवारी माझ्यासाठी जेवण घेऊन यायचं ठरवलं होतं, आणि मी तिला फोन करायचं विसरलो होतो. घरी कुलूप बघून ती इथे आली. तिने दार ढकललं. आकडा उडाला.

"दार उघडू नको गो," मी ओरडलो. ओरडण्यानेही उडाला.

तिने दार ओढून घेतलं. बाहेर बाबली तिला काहीतरी समजावत होता ते ऐकू येत होतं. मग गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. समीक्षा म्हणाली, काका, तुम्ही जाऊन बोलून या. मी म्हटलं, हा एक होऊ दे.

तो एक व्हायला दुपार टळून गेली. शेवटी मी त्याला आवळणं बंद केलं आणि निव्वळ बघत बसलो. तेव्हा कळलं की पाना मी खालून लावत होतो, कारण प्लेटच्या कडेवरून हात घालायला नारळाची ताटली आड येत होती आणि हाताला तीच सवय झाली होती. आता ताटली नव्हती, आणि खालून ओढल्याने सेन्सर जास्तच सरकत होता. मी उठलो, दुसऱ्या बाजूला गेलो आणि पाना वरून लावला. सेन्सर अलीकडे ठेवून आवळला. समीक्षाने आकडा वाचला. मी तिला परत वाचायला सांगितलं. तिने तोच वाचला.

बाहेर आलो तर गौरवी गाडीत मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. डोळे लाल होते. मी तिच्या शेजारी बसलो. तिने डबा उघडला, सोलकढीची बाटली काढली. मी जेवायला लागलो. भात थंड झाला होता.

ती म्हणाली, तुम्हाला बघून मला भीती वाटते. घरी एकटे काय करता तेच कळत नाही.

"घरी मी काहीच करत नाही," मी म्हटलं. "म्हणून तर हे करतो."

"आणि हे नाही झालं तर?"

"तर येतो. शब्द दिलाय."

तिने माझ्या शर्टाच्या बाहीवरचा लाल रंग नखाने काढायचा प्रयत्न केला. तो निघाला नाही. मग म्हणाली, अजून किती राहिलेत? मी सांगितलं, थोडे. ती म्हणाली, मग जा, मी भांडी घेऊन जाते, पणजीला पोचले की फोन करीन, पण तुम्ही उचलू नका, नाहीतर परत तो आकडा उडेल. आईसारखंच बोलली. ताराही रागात असली की असंच सगळं एका दमात बोलायची.

उजेड होता तोवर आम्ही शेवटचा सेन्सर आवळला. सगळे मध्यावर. प्लेटवर ड्रॉइंगमध्ये नसलेली एकही वस्तू नाही, हे समीक्षाने चारी बाजूंनी फिरून बघितलं. आकडे सिद्धेशला पाठवले. त्याने फक्त बरं असं लिहिलं.

सोमवारी संस्थेचे दोघे आले, एक बाई आणि एक तरुण. त्यांनी आपलं उपकरण आणलं होतं. त्या कोपऱ्यातला ठोकळा काढून त्यांनी ते बसवलं, झाकण लावलं, आणि बाई आकडे बघत बसल्या. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे होतो. मग बाईंनी त्या कोपऱ्याच्या सेन्सरकडे बोट केलं. त्यांचं उपकरण ठोकळ्यापेक्षा किंचित जड होतं. सेन्सर मध्यापासून थोडा ढळला होता. त्या म्हणाल्या, चालण्यासारखं आहे, पण मध्यावर असता तर बरं. हे कोणाला आता इथल्या इथे करता येईल का?

सिद्धेशने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने मुद्दाम बघितलं नाही, हे मला कळलं.

मी पाट ओढला आणि बसलो. झाकणाच्या कडेने पाना वरून लावला. नट सोडला, स्क्रू केसभर फिरवला, हात काढला. टेबल डोललं. मी थांबलो. कोणीतरी खोकलं आणि बाबलीने त्याला डोळ्यांनी दटावलं. आकडा खाली आला, वर गेला, परत खाली आला आणि स्थिरावला. मी अजून थोडा अलीकडे घेतला आणि आवळला.

समीक्षाने वाचलं, पन्नास.

बाईंनी स्वतः वाकून बघितलं आणि मान डोलावली. मग त्यांनी तरुणाला प्लेटजवळ टाच आपटायला सांगितली. त्याने जोरात आपटली. उपकरणातल्या आरशाला काही कळलं नाही.

दुपारी सिद्धेश माझ्याकडे आला. पुढच्या टेबलाचं ड्रॉइंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, हे आधीच्यापेक्षा मोठं आहे, समीक्षाशी बोलून घ्या. मी ते घेऊन बेंचवर पसरलं. मग गौरवीला फोन केला.

"झालं," मी म्हटलं.

मागे पणजीच्या रस्त्यावरची वाहनं ऐकू येत होती.

"म्हणजे तुम्ही येत नाही."

"रविवारी येतो. जेवायला."

"आणि रात्री?"

"रात्री परत. दुसरं टेबल आलंय."

मला वाटलं, ती आता रडेल.

"मग सोमवारचा डबा इथूनच घेऊन जायचा," ती म्हणाली. "त्यात वाद नाही घालायचा."

मी वाद घातला नाही. ड्रॉइंग उलटं धरलं होतं, ते सरळ केलं आणि समीक्षाला हाक मारली.